वाड्यातल्या चित्राचा माग आणि मोल: लिलावाचे कॅटलॉग कसे वापरायचे

दिवाळीची साफसफाई निघाली की वऱ्हाडातल्या गावांत जुन्या वस्तूंचे खरीददार फिरू लागतात. पितळी हंडे, कोरीव खांब, दाराच्या चौकटी आणि भिंतीवरच्या तसबिरी एकाच टेम्पोत चढतात. तसबिरीचा भाव बहुधा सागवानी चौकटीवरून आणि काचेवरून ठरतो. आतलं चित्र कोणाचं, कधीचं, घरात कुठून आलं, हे विचारायला कोणी थांबत नाही. घरच्यांनाही ते सांगता येत नाही, कारण ज्या आजीला ठाऊक होतं ती गेलेली असते.

मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. त्यामुळे अचलपूर, दर्यापूर, कारंजा या पट्ट्यातल्या घरांतून ‘सर, एकदा पाहून जा’ असा निरोप येत राहतो. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांचं १९७९ सालचं एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात २३.७ कोटींना गेलं, तेव्हापासून हे निरोप वाढले. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात त्यांच्याच १९७० च्या चित्राला ६७.०८ कोटी मिळाले आणि पुन्हा तेच झालं. प्रश्न एकच असतो: ‘कितीचं असन हे?’

या प्रश्नाचं उत्तर शोधायची सगळ्यात चांगली आणि बरीचशी फुकट जागा म्हणजे लिलावांचे कॅटलॉग. पण माझा आग्रह क्रमाचा आहे. चित्र कोणाकडून कोणाकडे आलं ती साखळी, म्हणजे प्रोव्हनन्स, आधी लावायची. किंमत त्यानंतर. साखळीशिवाय काढलेली किंमत दुसऱ्याच कुणाच्या तरी चित्राची असते.

कॅटलॉग उघडण्याआधी

चित्र भिंतीवरून उतरवा, पण चौकटीतून काढू नका. ओलं फडकं लावू नका, लिंबू, तेल, साबण असले घरगुती उपाय तर मुळीच नकोत. काच बाहेरून कोरड्या सुती कापडानं पुसली तर चालेल. धुतलेल्या चादरीवर चित्र पालथं ठेवा आणि पहिले फोटो मागच्या बाजूचे काढा.

मागच्या बाजूला बऱ्याच गोष्टी सापडतात. चौकट करणाऱ्या दुकानाची चिठ्ठी, प्रदर्शनाचं लेबल, पेन्सिलीनं लिहिलेला आकडा, जुनी किंमत, कधी चित्रकाराचा पत्ता. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची आहे, तिच्या प्रदर्शनांत राज्यभरातले चित्रकार चित्रं पाठवत. अशा लेबलवर नाव, चित्राचं शीर्षक आणि क्रमांक मिळाला तर अर्धं काम तिथेच झालं. मुंबईच्या केमोल्ड फ्रेम्सची चिठ्ठी असेल तर चौकट १९४१ च्या आधीची नाही, कारण ते दुकानच त्या साली सुरू झालं. आपल्याकडे चौकटीच्या पाठीला पुठ्ठ्याऐवजी वर्तमानपत्र चिकटवलेलं पुष्कळदा दिसतं. त्यावरची तारीख वाचा. चौकट त्या तारखेनंतर बांधली, एवढंच त्यावरून कळतं. चित्र त्याहून जुनं असू शकतं.

म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो: नवी फ्रेम करायला चित्र देऊ नका. फ्रेमवाला जुनी पाठ फाडून कचऱ्यात टाकतो आणि चित्राचा जन्मदाखला तिच्यासोबत जातो.

माप घ्यायचं ते चित्राचं, चौकटीचं नाही. उंची आधी, रुंदी नंतर, इंचात आणि सेंटिमीटरमध्ये. फोटो ओसरीतल्या उजेडात, फ्लॅश न लावता: पूर्ण चित्र, चारही कोपरे, सही, मागची बाजू आणि जिथे रंग उडालाय, वाळवी लागलीय किंवा ओल आलीय ती जागा. खराबी लपवू नका, पुढे तिचा हिशेब लागतोच.

मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. एका वहीत दोन रकाने करा, ‘स्वतः पाहिलेलं’ आणि ‘ऐकलेलं’. प्रत्येक वाक्यापुढे कोणी सांगितलं ते आणि तारीख लिहा. प्रश्न सालाचे विचारू नका, प्रसंगाचे विचारा. अचलपूर तालुक्यातल्या एका वाड्यात एका नदीकाठच्या जलरंगाबद्दल कोणाला काहीच सांगता येत नव्हतं. मी तिथल्या काकूंना विचारलं, ‘तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा हे होतं का?’

‘होतं ना बाप्पा, बैठकीत होतं. याच्याच खाली आमच्या दोघांचा फोटो काढला होता.’

पेटीतून तो फोटो निघाला. दोघं खुर्च्यांवर बसलेले, आणि नवऱ्याच्या डोक्यावर चौकटीचा खालचा अर्धा भाग, त्यात नदीतली नाव आणि उजव्या कोपऱ्यातली सही स्पष्ट. फोटोच्या मागे अमरावतीच्या स्टुडिओचा शिक्का होता आणि शाईनं घातलेली तारीख होती. ऐकीव गोष्ट एका क्षणात पुरावा झाली: त्या तारखेला ते चित्र त्याच घरात, त्याच भिंतीवर होतं. असा फोटो कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठा. लग्नाचे, बारशाचे, पंगतीचे फोटो बघताना माणसांच्या मागची भिंत बघा.

कापसाच्या अडत्यांच्या आणि मालगुजारांच्या घरी जुन्या रोजकीर्दी, खातेवह्या अजून माळ्यावर आहेत. ‘तसबीर’, ‘फ्रेम’, ‘मुंबईहून आणली’ अशा नोंदी त्यांत शोधा. वही मोडीत असेल तर मोडी वाचणारा शोधा. रद्दीत घालू नका.

छापील की हातचं?

आपल्याकडे दाखवायला येणाऱ्या जुन्या देवादिकांच्या चित्रांत ओलिओग्राफ पुष्कळ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे दगडी छापे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. लक्ष्मी, सरस्वती, मेनका आणि विश्वामित्र घरोघरी पोचले ते तिथून. चित्रावर ‘रविवर्मा’ लिहिलेलं दिसलं की घरच्यांचा श्वास अडकतो, पण ते हातचं चित्र नव्हे.

ओळखायला घड्याळजीचं भिंग पुरतं. देवीच्या गालावर किंवा आभाळावर धरा. हातानं रंगवलेल्या चित्रात ब्रशचे ओघ दिसतात, रंगाचा थर कुठे जाड कुठे पातळ असतो. ओलिओग्राफमध्ये बारीक, वेडेवाकडे, वेगवेगळ्या रंगांचे ठिपके दिसतात, दगडावर हातानं काढलेले. अलीकडच्या ऑफसेट छापात ठिपके एका मापाचे आणि जाळीसारखे रांगेत असतात. तो कॅलेंडरचा किंवा नवा छापा. मग चित्राच्या खालच्या कडेवरची इंग्रजी ओळ वाचा. ती बहुधा चौकटीखाली झाकलेली असते. घाटकोपरचा उल्लेख असेल तर छापा सुरुवातीच्या काळातला, कार्ला-लोणावळा असेल तर नंतरचा.

ओलिओग्राफला किंमत नसते असं समजू नका. ते लिलावात स्वतंत्रपणे विकले जातात. सुरुवातीचा छापा, कडा न कापलेल्या, रंग ताजे, किंवा त्या काळी हौसेनं साडीवर लावलेली जरी-टिकली शाबूत, असं असेल तर भाव चढतो. पण तुलना ओलिओग्राफची ओलिओग्राफशी करायची. रविवर्म्यांच्या तैलचित्राचा आकडा त्याला लावू नका.

कॅटलॉग कुठे आणि कसे

क्रिस्टीज, सदबीज आणि बोनहॅम्स यांच्या संकेतस्थळांवर मागच्या लिलावांचे निकाल फोटोसह पाहता येतात. भारतीय चित्रांसाठी मुंबईचे सॅफ्रनआर्ट, पुंडोल्स आणि अस्तगुरू महत्त्वाचे. काही ठिकाणी नाव नोंदवावं लागतं. आर्टनेट आणि म्युच्युअलआर्ट अशा भाव एकत्र देणाऱ्या सेवांना पैसे लागतात, आणि एका चित्रासाठी ते भरायची गरज सहसा पडत नाही. जुने, संगणकाआधीचे कॅटलॉग इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले मिळतात. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हनं दक्षिण आशियातल्या कलालेखनाची सूची केली आहे, तिच्यात मराठी लेखनाच्याही नोंदी आहेत. चित्रकाराचं नाव मराठी नियतकालिकात कधी आलं होतं का, हे पाहायला ती फार उपयोगी.

गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेल्यावर पूर्ण कॅटलॉगची पीडीएफ उतरवून घ्या आणि घरी निवांत वाचा. नुसता निकाल पाहण्यापेक्षा आख्खा कॅटलॉग वाचावा, कारण शेवटच्या पानांवरच्या अटी आणि शब्दांचे खुलासे निकालाच्या पानावर दिसत नाहीत.

शोधताना नाव रोमन लिपीत द्यावं लागतं आणि तिथे मराठी नावांची स्पेलिंगं तीन-चार तऱ्हांची असतात. आडनाव एकटं, आद्याक्षरांसह, ‘आळमेलकर’सारख्या नावात एक ‘ए’ आणि दोन ‘ए’ असं सगळं घालून पाहा. सहीत जसं लिहिलंय तसंही घाला. फोटोवरून शोधणारं गुगल लेन्स छापील चित्रांसाठी चांगलं चालतं. हातच्या चित्रासाठी त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

एका लॉटची नोंद ओळीओळीनं

कॅटलॉगमधल्या प्रत्येक वस्तूला लॉट नंबर असतो. त्याखाली चित्रकाराचं नाव, जन्म-मृत्यूची साल, शीर्षक, सहीबद्दलची ओळ, माध्यम, माप, अंदाजित किंमत, मग प्रोव्हनन्स, कुठल्या प्रदर्शनात मांडलं गेलं आणि कुठे छापून आलं. घाईत लोक नाव आणि आकडा पाहतात. मी आधी नाव कसं लिहिलंय ते पाहतो.

नुसतं नाव आणि साल असेल तर लिलावघराच्या मते चित्र त्या चित्रकाराचंच. नावाआधी ‘अॅट्रिब्यूटेड टू’ असेल तर बहुधा त्याचं, पण खात्री नाही. ‘स्टुडिओ ऑफ’ म्हणजे त्याच्या कारखान्यात, कदाचित त्याच्या देखरेखीखाली झालेलं. ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याच्या प्रभावातल्या दुसऱ्या हाताचं. ‘फॉलोअर ऑफ’ आणि ‘मॅनर ऑफ’ म्हणजे त्याच्या शैलीतलं, ‘मॅनर’ तर बरंच नंतरचंही असेल. ‘आफ्टर’ म्हणजे त्याच्या चित्राची नक्कल. या एकेका पायरीवर किंमत कोसळते. ‘आफ्टर रविवर्मा’ची नोंद ‘रविवर्मा’ समजून वाचली तर पुढचा सगळा हिशेब वाया.

सहीच्या ओळीतही असाच फरक आहे. ‘साइन्ड’ म्हणजे सही त्याचीच असं लिलावघर म्हणतं. ‘बेअर्स सिग्नेचर’ म्हणजे चित्रावर सही आहे एवढंच. ती कोणी केली याची हमी ते घेत नाही. कोणत्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे काय, याचा खुलासा प्रत्येक घर आपल्या कॅटलॉगच्या मागे देतं, तो एकदा नीट वाचावा.

आता आपल्या चित्राची अशीच नोंद कागदावर लिहा, त्याच क्रमानं. जी ओळ भरता येत नाही ती रिकामी ठेवा. रिकाम्या ओळी पाहिल्यावर पुढे काय शोधायचं ते आपोआप कळतं.

साखळी वाचताना

चांगली साखळी कशी दिसते ते चित्रकार एम. एफ. हुसेनांच्या ‘ग्राम यात्रा’वरून पाहावं. १९५४ सालचं हे जवळपास चौदा फूट रुंद चित्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेले डॉक्टर लिओन इलायस व्होलोदार्स्की यांनी त्याच साली घेतलं. त्यांनी ते नॉर्वेला नेलं आणि १९६४ मध्ये ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला दिलं. तिथून ते मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात आलं. अंदाज २५ ते ३५ लाख डॉलरचा होता आणि विकलं गेलं सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरला. चित्रकाराच्या हयातीत, तो नावारूपाला येत असताना घेतलेलं. घेणाऱ्याचं दिल्लीत असण्याचं कारण ठाऊक. मग एक संस्था, आणि मध्ये एकही वर्ष अंधारात नाही. किंमत चढायला चित्राचा आकार आणि दर्जा होताच, पण शंकेला जागा नव्हती हेही तितकंच खरं.

उलट ‘प्रायव्हेट कलेक्शन, मुंबई’ एवढीच ओळ असेल तर तिच्यातून काहीच कळत नाही. मालकाला नाव सांगायचं नसेल, किंवा सांगण्यासारखं काही नसेल. ‘अॅक्वायर्ड डायरेक्टली फ्रॉम द आर्टिस्ट’ भक्कम, पण चित्रकार आणि घेणारा एकाच गावात, एकाच काळात होते का, हे जुळवून पाहावं. ‘देन्स बाय डिसेंट’ म्हणजे पुढे वारशानं आलं. आपल्या घरातल्या चित्रांची साखळी बहुतेक हीच असणार, तेव्हा ती सिद्ध करायला वंशावळ आणि तो लग्नाचा फोटो.

तीच नोंद जुन्या लिलावांतही शोधा. एखादं चित्र पूर्वी दुसरीकडे विकलं गेलं असेल तर दोन्ही नोंदींतलं माप, साल आणि सहीची जागा जुळली पाहिजे. दोन वेगळ्या चित्रांना एकच प्रोव्हनन्स चिकटवलेला असतो, तो असाच पकडला जातो.

कागदपत्रंही खोटी करता येतात. इंग्लंडात जॉन ड्र्यू नावाच्या माणसानं जॉन मायट या चित्रकाराकडून नामवंतांच्या शैलीतली चित्रं काढून घेतली आणि ती खपावीत म्हणून मोठ्या संग्रहालयांच्या दप्तरांत खोटे कागद घुसवले. १९९९ मध्ये त्याला शिक्षा झाली. आपल्याकडे चित्रकार सय्यद हैदर रझांना २००९ मध्ये दिल्लीत स्वतःच्याच नावाच्या प्रदर्शनात बनावट चित्रं लटकलेली दिसली. हे रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, १९३९ ते ४३. त्यामुळे ‘रझा आमच्या आजोबांचे वर्गमित्र’ अशी गोष्ट नागपूरकडच्या घरात खरी असूही शकते. तिला शाळेचा दाखला, वर्गाचा फोटो, पत्र असं काही जोडलं तर ती उभी राहते, नाहीतर ती गोष्टच राहते.

तसंच बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांचं. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसची सजावट त्यांनी केली, आणि वऱ्हाडातून पुष्कळ लोक तिथे गेले होते. नंदलालबाबू ओळखीच्यांना पोस्टकार्डावर चित्रं काढून पाठवत, ती लिलावात येतातही. घरात असं कार्ड निघालं तर चित्राइतकीच पाठची बाजू महत्त्वाची: पोस्टाचा शिक्का, तारीख, पत्ता, आणि त्या पत्त्यावरचा माणूस तुमच्या घराण्यातला असल्याचा कागद.

किंमत

कापसाचा भाव विचारताना आपण धाग्याची लांबी, ओल आणि कोणत्या आठवड्यातली आवक, हे विचारल्याशिवाय बोलत नाही. चित्राचंही तेच. ‘गायतोंडे ६७ कोटी’ हा भाव नव्हे. एका चित्राचा एका दिवशीचा तो निकाल.

गायतोंडे वर्षाला मोजकीच कॅनव्हास करत. १९८४ च्या अपघातानंतर त्यांचं मोठ्या कॅनव्हासचं काम काही वर्षं थांबलं आणि कागदावरची छोटी शाईची कामं झाली. सत्तरच्या दशकातला मोठा कॅनव्हास आणि कागदावरचं एक वितभर काम यांच्यात किंमतीचं अंतर कित्येक पटींचं असतं. म्हणून तुलनेला चित्र घेताना चार गोष्टी जुळवा: तोच चित्रकार, तेच माध्यम, जवळपास तोच काळ, जवळपास तेच माप. विषयही बघा. एखाद्याची निसर्गचित्रं धावतात, व्यक्तिचित्रं पडून राहतात.

अशी पाच-सहा चित्रं मिळाली की तक्ता करा: लिलावघर, तारीख, लॉट नंबर, माध्यम, माप, साल, सहीची ओळ, प्रोव्हनन्स कसा आहे, अंदाज, निकाल. सगळ्यात मोठा आकडा बाजूला ठेवा, सगळ्यात छोटाही ठेवा, आणि मधले पाहा. पाच वर्षांहून जुना निकाल वेगळ्या शाईनं लिहा. २००८ च्या मंदीआधी भारतीय चित्रांचे भाव फुगले होते आणि नंतर पडले, तेव्हा त्या काळचे आकडे आज जसेच्या तसे लावता येत नाहीत. डॉलरमधला निकाल त्या दिवशीच्या दरानं रुपयांत आणा, आजच्या दरानं नाही.

न विकलेले लॉट शोधणं कष्टाचं, पण फार मोलाचं आहे. अंदाजाच्या खाली बोली थांबली आणि मालकाच्या राखीव किमतीला, म्हणजे रिझर्व्हला, पोचली नाही तर चित्र परत जातं. निकालाच्या यादीत तो नंबर गाळलेला दिसतो. कॅटलॉगमध्ये लॉट ४२ आहे आणि निकालात ४१ नंतर ४३ आहे, म्हणजे ४२ गेलं नाही किंवा मागे घेतलं. एका चित्रकाराची दहापैकी सहा चित्रं अशी परत गेली असतील तर उरलेल्या चारांच्या भावावर घर बांधू नका.

आणि आता तो आकडा, ज्याच्यावरून घराघरांत भांडणं होतात. संकेतस्थळावर दिसणारा निकाल बहुधा खरेदीदारानं दिलेली रक्कम असते, म्हणजे हातोडा पडला ती किंमत (शेवटची बोली) अधिक बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावघर खरेदीदाराकडून वर घेतं ती रक्कम. प्रीमियमचा दर घरागणिक वेगळा. पंधरा-वीस टक्के सर्रास, परदेशात पाव भागापर्यंत किंवा वर. समजा हातोडा ४,००,००० वर पडला आणि प्रीमियम २० टक्के आहे. यादीत ४,८०,००० दिसेल. विकणाऱ्याकडून लिलावघर वेगळं कमिशन घेतं, ते १० टक्के धरलं तर त्याच्या हातात ३,६०,०००. त्यातून फोटो, विमा, मुंबईपर्यंतची पॅकिंग-वाहतूक आणि कर. यादीतला आकडा आणि हातात पडणारा आकडा यांत लाखाचा फरक. भावाभावांत वाटणीचं बोलणं होण्याआधी हा हिशेब सगळ्यांसमोर कागदावर मांडा.

ज्यांचं नाव यादीत नाही

शोधून शोधून एकही लॉट मिळाला नाही, असं आपल्याकडे पुष्कळदा होईल. गावोगावच्या ड्रॉइंग मास्तरांनी, साइनबोर्ड रंगवणाऱ्या कलावंतांनी, रामलीलेचे पडदे रंगवणाऱ्यांनी फार सुंदर कामं केली आहेत आणि ती लिलावात कधी आली नाहीत. बाजारभाव नाही म्हणून ते चित्र कमी ठरत नाही. त्यांच्यासाठी लिलावाचे कॅटलॉग बाजूला ठेवून प्रदर्शनांचे कॅटलॉग, शाळेची स्मरणिका, दिवाळी अंक शोधा. चित्रांचे फोटो आणि माहिती तालुक्याच्या वाचनालयात ठेवा. आपल्या मातीतला कलेचा इतिहास अजून लिहायचाच आहे, आणि त्याची कागदपत्रं तुमच्या माळ्यावर आहेत.

कायद्याची बाजू आणि गावातली देवळं

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू, हस्तलिखितासाठी ७५ वर्षं. मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र पोथ्या अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी लागते. पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. रविवर्मा, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक या नऊ जणांची कामं राष्ट्रीय कलानिधी आहेत, शंभर वर्षं झालेली नसली तरी देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून नंदलालबाबूंच्या चित्राचा न्यूयॉर्कचा भाव आपल्या घरातल्या चित्राला लावू नका. तिथलं चित्र जगभरचा कोणीही घेऊ शकतो, इथलं फक्त देशातला. कॅटलॉगमध्ये अशा लॉटखाली निर्यात होणार नाही असं छापलेलं असतं.

शेतात नांगरताना, विहीर खणताना मूर्ती किंवा नाणी निघाली तर तो वेगळाच मामला. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय नागपुरात आहे, आणि १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, तिथेच.

देवळातल्या मूर्तींबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचंय. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या देवळातून चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं २००८ मध्ये खोट्या प्रोव्हनन्सवर विकत घेतला होता. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडे तोच नटराज देवळात असतानाचे फोटो होते. ते जुळले आणि २०१४ मध्ये तो परत आला. इंडिया प्राइड प्रोजेक्टची मंडळी आजही लिलावांचे कॅटलॉग चाळून अशा मूर्ती शोधतात. कॅटलॉगचा हा उपयोग सगळ्यात मोठा, पण त्याला गावाकडचा फोटो लागतो. आपल्या हेमाडपंती देवळांत, पारावर, नदीकाठी उघड्यावर ठेवलेल्या मूर्तींचे फोटो किती गावांकडे आहेत? समोरून, दोन्ही बाजूंनी, शक्य असेल तर मागून, शेजारी फूटपट्टी, तुटलेल्या नाकाचा, भेगेचा जवळून वेगळा फोटो, कारण ओळख त्या खुणेवरूनच पटते. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत.

विचारणा पाठवताना

लिलावघरं फोटोवरून प्राथमिक अंदाज सहसा मोफत देतात. ई-मेलमध्ये तुम्ही लिहिलेली नोंद, फोटो आणि साखळी टाका; तुम्ही काढलेला भाव टाकू नका. दोन-तीन ठिकाणी विचारा. अंदाज लेखीच घ्या. चित्र पाठवण्याआधी करारात रिझर्व्ह किती, कमिशन किती, न विकलं तर परत आणण्याचा खर्च कोणाचा, वाटेत नुकसान झालं तर विमा कोणाचा, हे वाचून घ्या. नाकबूल असेल ते खोडून सही करा किंवा करूच नका.

चित्र वडिलोपार्जित असेल तर सगळ्या हिस्सेदारांची संमती लेखी हवी, सासरी गेलेल्या बहिणींचीही. शेतीचं जसं, तसंच हे. घरातलं कोणी स्वतः चित्रकार होतं आणि ते काम आता पुन्हा विकलं जात असेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ खाली, किंमत १०,००० रुपयांहून जास्त असल्यास, चित्रकाराला किंवा वारसांना वाटा मागता येतो. तो १० टक्क्यांहून जास्त नसतो.

चित्र दारातून बाहेर पडताना पावती घ्या. तिच्यावर माप, सही, मागची लेबलं आणि खराबी, सगळं लिहिलेलं असलं पाहिजे. दारात आलेल्या खरीददारालाही हीच पावती मागा, आणि तो ‘कागद कशाले पायजे’ म्हणाला तर चित्र परत भिंतीवर लावा.